वाचकांचे प्रश्न : कपाशीची बेटे आणि पलटणी

प्रश्न : अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात खानदेशच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, हे आमच्या घरी अजून सांगतात. त्याच युद्धात तिकडच्या कापूस पिकवणाऱ्या बेटांवर सैन्य उतरले होते, असे वाचले. तिथल्या सामान्य माणसांचे काय झाले? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ही बेटे साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची : पोर्ट रॉयल, सेंट हेलेना, हिल्टन हेड. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्या दक्षिणेशी लढणाऱ्या अमेरिकी सरकारच्या, आरमाराने तोफा डागल्या तेव्हा मळेवाले घरदार टाकून पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. इथला कापूस लांब धाग्याचा, आपल्या आखूड धाग्याच्या कपाशीहून फार महाग. पण मालक गेल्यावर अनेक ठिकाणी मागे राहिलेल्या लोकांनी कापसाचे रेचे (सरकी काढायची यंत्रे) मोडून टाकले आणि मका व रताळी लावायला घेतली. पोट आधी, हे कुठल्याही कुणब्याला पटेल. सरकारी देखरेखदारांना मात्र कापूसच हवा होता.

सैनिक मुक्तिदाते म्हणून आले, हे अर्धेच खरे. ते कोंबड्या, डुकरे उचलून नेत. तेच अंडी विकत घेत आणि कपडे धुऊन देणाऱ्या बायकांना पैसे देत. मे १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याचे जनरल हंटर यांच्या हुकमाने हत्यारबंद शिपाई थेट शेतात गेले आणि हाती खुरपी असलेल्या पुरुषांना पलटणीत भरण्यासाठी घेऊन गेले. काही जण रानात लपले. पुढे उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय पलटणींत गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तर यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापलेले. हा भेद १८६४ मध्ये मिटला. त्याच सैन्याच्या आडोशाने १८६२ मध्ये सेंट हेलेनावर मुक्त झालेल्या लोकांसाठी लॉरा टाउन यांची पेन शाळा निघाली, हेही विसरता येत नाही.

लोकांना खरी ओढ जमिनीची होती. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचेच जनरल शर्मन यांच्या हुकमाने मुक्त झालेल्या कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन ठरली; त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी यातल्या बऱ्याच जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. सेंट हेलेनावर ज्यांनी पळालेल्या मालकांच्या थकीत करापायी सरकारने काढलेल्या लिलावात पैसे मोजून रान विकत घेतले होते, त्यांच्याजवळ कागद होता, आणि त्यांचे रान त्यांच्याकडेच राहिले.