'वॉबली' कुठे लावायचं, कुठे नाही

पर्यटकांशी इंग्रजी बोलायला शिकताय, तर डुगडुगणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'शेकी' म्हणू नका. खानावळीतलं टेबल एका पायाने आखूड असेल, तर ते 'वॉबली'. टेबल मोडकं नसतं, फक्त कलतं. पायाखाली पुठ्ठा सारला की काम झालं. खरवस ताटलीत थुलथुलतो तोही 'वॉबल'. सायकलचं चाक आऊट झालं तरी हेच क्रियापद.

सुपारीच्या खोडांचा जुना साकव मात्र 'रिकेटी'. इथे सांधेच खिळखिळे आहेत, मोडायची भीती आहे. पर्यटकाला सावध करताना हाच शब्द हवा. 'वॉबली' म्हटलंत तर तो हसत पाय टाकेल. 'शेकी' ठेवा कापऱ्या हाताला, आवाजाला आणि लंगड्या पुराव्याला. होडीतून उतरल्यावर पाय लटपटणारा माणूस 'अनस्टेडी'. होडी स्वतः कुशीवर डोलते तो 'रोल', नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर-खाली होते तो 'पिच'. नवखे इथे हमखास गोंधळतात.

'थ्रो अ वॉबली' ऐकलंत तर काही फेकलं असं समजू नका. ब्रिटिश बोलीत तो आकांडतांडव!