ओसीटीत अँगल बंद, गोनिओस्कोपीत उघडा: आईच्या डोळ्यांसाठी कोणती तपासणी खरी मानायची?

तुम्ही लिहिलंय की आईच्या एएस-ओसीटीत (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या स्कॅनमध्ये) अँगल बंद दिसला, दुसऱ्या डॉक्टरांनी गोनिओस्कोपी करून 'अरुंद आहे, पण उघडा आहे' असं सांगितलं आणि आता लेसर, म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट देणारा उपचार, करावं की नाही हे ठरत नाहीये. मी काचबिंदूचे रुग्ण पाहणारी नेत्रतज्ज्ञ आहे. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण लेसरचा निर्णय गोनिओस्कोपीवर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉर्निया (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे भेटतात तो कोपरा म्हणजे अँगल. डोळ्यातलं पाणी तिथल्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. तिथून येणारा प्रकाश कॉर्नियावर आपटून परत आत वळतो, म्हणून हा कोपरा समोरून पाहून दिसत नाही. थेंबांनी डोळा बधिर करून आरशांची लेन्स टेकवावी लागते, हीच गोनिओस्कोपी. ओसीटी मात्र डोळ्याला न शिवता, न दिसणाऱ्या प्रकाशाने त्या कोपऱ्याचा छेद दाखवतं.

फरक पडतो तो 'बंद' कशाला म्हणायचं इथे. आयरिस जाळीच्या अगदी तळाशी जरा टेकली तरी ओसीटीच्या छेदात ते बंद धरलं जातं. गोनिओस्कोपीत जाळीचा मागचा, पाणी गाळणारा पट्टा दिसेनासा झाला तरच आम्ही बंद म्हणतो. शिवाय स्लिट लॅम्प या तपासणीच्या दिव्याचा प्रकाश बाहुलीवर पडला की ती आकसते आणि अँगल थोडा उघडतो. लेन्स नकळत दाबली गेली तरी तेच होतं. ओसीटी अंधारात होतं. म्हणून त्यात बंद अँगल जास्त सापडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. उलटंही घडू शकतं: वरचा अँगल बहुधा सगळ्यात अरुंद असतो आणि ओसीटीत नेमका तोच पापणीआड राहू शकतो.

गोनिओस्कोपीचं मोल मला सर्वात जास्त वाटतं ते पुढच्या पायरीत. चार आरशांच्या लेन्सने कॉर्निया हलकेच दाबली की आयरिस मागे सरते. दार नुसतं लोटलेलं आहे की आतून कडी लागलीय, ते तिथे कळतं. आयरिस नुसती टेकली असेल तर जाळी दिसू लागते. चिकटली असेल तर दिसत नाही. जाळीवरचं रंगद्रव्य, मधुमेहात येणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या, जुन्या माराची खूण हेही डोळ्यांनी पाहूनच कळतं. आयरिसच्या मागचं ओसीटीलाही दिसत नाही, त्यासाठी यूबीएम ही सोनोग्राफी लागते.

ओसीटी निरुपयोगी आहे असं मात्र मुळीच नाही. लेन्स सहन न होणाऱ्यांना ते वरदान आहे. गोनिओस्कोपी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, तर ओसीटीचं चित्र पुढच्या वर्षीच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येतं.

आता लेसरबद्दल. चीनमधल्या ग्वांगझू इथे ८८९ जणांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अँगल बंद होण्याचा संशय असलेली, पण अजून नुकसान न झालेली ही माणसं गोनिओस्कोपीनेच निवडली होती. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर केलं, दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेसर केलेल्या १९ आणि न केलेल्या ३६ डोळ्यांत अँगल बंद होण्याचा आजार पुढे सरकला. लेसरचा फायदा झाला, पण मुळात धोकाच कमी निघाला. म्हणून केवळ ओसीटीच्या चित्रावरून घाई करू नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गोनिओस्कोपी अंधाऱ्या खोलीत, बारीक प्रकाशझोताने केली का? दाबून पाहिलं का? कुठे चिकटलंय का? डोळ्याच्या प्रेशरचा आणि डोळ्याच्या नसेचा रिपोर्टही सोबत न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी किंवा सर्दीची गोळी घेण्याआधी अँगल अरुंद असल्याचं आईंनी आवर्जून सांगावं. आणि डोळा अचानक ठणकायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात न्या.