इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं चर्चच्या नोंदींतून कसं शोधायचं?

प्रश्न असा होता: "नवरा इंग्लिश आहे. त्याच्या आईकडचं घराणं नॉरफोकमधल्या एका खेड्यातलं, शेतमजुरांचं. मुलांसाठी वंशावळ करायची आहे. चर्चच्या नोंदी कुठे बघायच्या आणि किती मागे जाता येतं?"

अगदी माझंच दुखणं विचारलंत. मी नाशिकची, गेली चौदा वर्षं नॉर्विचमध्ये आहे. सहा वर्षांपूर्वी एका ख्रिसमसला सासूबाई म्हणाल्या, "आमचं घराणं पवनचक्कीवाल्यांचं." मी सहज शोधायला बसले आणि अडकले ती अडकलेच. त्यात मी जी घोडचूक केली ती खाली सांगतेच, तुमची दोन वर्षं वाचतील.

आधी किती मागे, ते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. म्हणजे कागदोपत्री जवळजवळ पाचशे वर्षं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या गेल्या. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्या असं फर्मान निघालं. त्यात पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदींवर भर होता, म्हणून कित्येक गावांची वही १५५८ लाच सुरू होते. पुढे १६४० च्या दशकात यादवी युद्ध पेटलं आणि अनेक ठिकाणी पुढची पंधरा-वीस वर्षं नोंदींचा आनंदच आहे. शेतमजुराचं घराणं १७०० च्या आसपास नेऊन पोचवलंत तरी पाठ थोपटून घ्या.

पॅरिश म्हणजे नुसतं चर्च नव्हे, हे मला उशिरा कळलं. देवस्थान, ग्रामपंचायत आणि रेशन ऑफिस एकाच छपराखाली असावं तसं ते प्रकरण होतं. गावचे कागद चर्चमधल्या लाकडी पेटीत असायचे. पेटीला रीतीप्रमाणे तीन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दोन चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे गावकऱ्यांतून नेमलेल्या चर्चच्या कारभाऱ्यांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. १९७८ च्या नियमानंतर शंभर वर्षांहून जुन्या वह्या सर्वसाधारणपणे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्ड ऑफिसात गेल्या. नॉरफोकचं ऑफिस इथे नॉर्विचमध्ये आहे. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल न्या. घरबसल्या बघायचं तर फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या साइट फुकट, अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट पैसे घेतात. गावच्या लायब्ररीतून पैशांची साइटही बहुतेक वेळा फुकट बघता येते, हे कोणी आपणहून सांगत नाही.

पण थेट वहीला हात घालू नका. आजपासून मागे जा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तेव्हापासूनच्या लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, तो सोन्यासारखा. जोडीला दर दहा वर्षांची जनगणना. १८४१ ते १९२१ पर्यंतची खुली आहे. १९३१ ची १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १८४१ च्या वयांवर विश्वास ठेवू नका, पंधराच्या वरच्यांची वयं पाचच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती, एकोणचाळीसचा माणूस पस्तीसचा होतो. तुमच्या शेतमजुरांच्या नावापुढे 'एजी लॅब' असं दिसेल. आपल्याला वाटतं काही प्रयोगशाळा आहे की काय, पण ते 'ॲग्रिकल्चरल लेबरर'चं आखूड रूप, लिहून लिहून कारकुनांचा हात दुखला असणार. १८५१ पासून मात्र जन्माची पॅरिश लिहिलेली असते. ती मिळाली की वहीची किल्ली मिळाली.

आता वही उघडल्यावर काय दिसतं? १८१३ पासून छापील फॉर्म आले. बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी: तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, पाद्र्याची सही. त्याआधी सगळा पाद्र्याच्या मर्जीचा मामला. "रॉबर्ट, जॉन व मेरी यांचा मुलगा" एवढ्यावर आटोपतं. मेरी माहेरची कोण, हे बऱ्याचदा कळत नाही. नाशिकला आमच्या उपाध्यायांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांनी स्वतः लिहिलेल्या दोन ओळी आहेत. इथे घरचा माणूस काही लिहीतच नाही, पाद्री लिहितो आणि तेही कानावर पडेल तसं. या काउंटीत 'Wymondham' असं लिहिलेल्या गावाला 'विंडम' म्हणतात, खुद्द नॉर्विचला 'नॉरिज' म्हणतात. तेव्हा आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं तर दचकू नका.

जुनं अक्षर वाचायला बसावं लागतं. कुणबी नोंदींसाठी आपल्याकडे कोतवाल बुकं निघाली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना कसे दिवस आले, आठवतंय ना? तसंच. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट धडे आहेत, आठवडाभर गिरवा. १७३३ च्या आधीच्या वह्या लॅटिनमध्येही असू शकतात. गुलिएल्मस म्हणजे विल्यम, आणि जेकोबस म्हणजे बहुतेक वेळा जेम्स, जेकब नव्हे. शिवाय १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. त्यामुळे डिसेंबर १७१९ नंतर जानेवारी १७१९ येतो. लग्नाच्या आधीच मूल झालेलं दिसलं तर आधी हे तपासा, मग नाकं मुरडा.

आता माझी घोडचूक. १८५१ च्या जनगणनेत सासूबाईंचा पूर्वज रॉबर्ट, वय ५२, एजी लॅब, जन्माची पॅरिश लिहिलेली. वहीत १७९८ चा रॉबर्ट सापडला, आडनाव तेच, बाप पवनचक्कीवाला. झालं! सासूबाईंची गोष्ट खरी ठरली म्हणून मी त्या धाग्यावरून आणखी तीन पिढ्या मागे गेले. सासूबाईंनी पवनचक्कीचा जुना फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. दोन वर्षांनी दुसरंच काही शोधताना मी दफनाचं पान उलटलं. चक्कीवाल्याचा रॉबर्ट, तान्हा, आठ महिन्यांचा, पुरला १७९९ मध्ये. माझी तिन्ही पिढ्यांची मेहनत त्या एका ओळीत गेली. म्हणून सांगते, बाप्तिस्मा सापडला की पुढची दहा वर्षं दफनाची पानं आधी वाचा. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची पद्धतही सर्रास होती, त्यामुळे एकाच घरात दोन-दोन थॉमस भेटतात. १८२२ मधलं रॉबर्टचं लग्न मी तपासलं होतं, सहीच्या जागी फुली. पण १८३७ च्या आधीच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव नसतंच, तेव्हा चूक पकडायला काही वावच नव्हता.

खरा रॉबर्ट त्याच वहीत पाच पानं पुढे होता, १७९९ च्या उन्हाळ्यात. बापाच्या जागी काही नाही. 'बेस बॉर्न, हॅनाचा मुलगा', म्हणजे बिनलग्नाचा. लॅटिन वह्यांत अशा मुलाला 'फिलिअस पॉप्युली' लिहिलेलं सापडतं, लोकांचा मुलगा! मला वाटलं, इथे धागा तुटला. उलट इथूनच खरा सुरू झाला.

कारण गरिबाला पोसायची जबाबदारी पॅरिशची होती, १६०१ च्या कायद्याने. साहजिकच प्रत्येक पॅरिशचा प्रयत्न असा की हा गरीब आपला नव्हे, शेजारच्या गावचा. १६६२ च्या कायद्याने माणूस कुठल्या पॅरिशचा हे ठरवायची रीत आली, आणि त्यातून कागदांचा ढीग तयार झाला. कुठे जन्मलात, बाप कुठला, कुठे वर्षभर नोकरी केलीत, पगार काय, हे दोन मॅजिस्ट्रेटांसमोर शपथेवर विचारायचे आणि लिहून घ्यायचे. अविवाहित मजुराने पूर्ण वर्ष एका मालकाकडे काढलं की तो त्या गावचा. म्हणून काही शेतकरी एक्कावन्नच आठवड्यांसाठी माणूस ठेवायचे. (कंत्राटी कामगाराला मध्ये खंड देऊन पुन्हा घेणारे आपल्याकडेही आहेतच.)

हॅना असाच एक जबाब देऊन गेली आहे. बापाच्या गावाहून सात मैलांवर एका शेतावर मोलकरीण, मायकलमसला म्हणजे २९ सप्टेंबरला वर्षाच्या कराराने लागलेली. सहा महिन्यांत पोट दिसायला लागलं. १७९५ च्या कायद्याने मदत मागितल्याशिवाय कोणाला गावाबाहेर घालवता येत नसे, पण बिनलग्नाची गरोदर बाई मात्र मदत मागितल्यातच जमा धरायचे. शिवाय तिचं मूल जिथे जन्मेल त्या गावचं. मग काय, बाळंत होण्याआधी तिला हद्दीपार पोचवायची घाई! हुकमावर दोन सह्या. सोबत ओव्हरसीअरच्या (गरिबांच्या मदतीचा कारभार बघणाऱ्या पॅरिशच्या माणसाच्या) खर्चवहीत गाडीभाडं आणि वाटेत घोड्याला दाणा. सात मैल, आठवा महिना. पुढे तिच्या गावच्या खर्चवहीत चार वर्षं अधूनमधून तिचं नाव येतं: दर आठवड्याचे काही शिलिंग, एका हिवाळ्यात सरपण, आणि एकदा 'हॅनाच्या पोराला बूट'. रॉबर्टबद्दल मला मिळालेली ही एकमेव खासगी गोष्ट. चक्कीवाल्याच्या तीन पिढ्यांत बुटाएवढंही काही हाती लागलं नव्हतं.

तेव्हा रेकॉर्ड ऑफिसात गेलात की नुसत्या रजिस्टरवर थांबू नका. त्या पॅरिशचे गरिबांचे कागद मागा: सेटलमेंटचे (माणूस कुठल्या पॅरिशचा याचे) जबाब, रिमूव्हल ऑर्डर (हद्दीपार पोचवायचे हुकूम), ओव्हरसीअरचे हिशेब, आणि बापाकडून पोटगी वसूल करायचे बाँड. सगळ्याच गावांचे टिकलेले नाहीत, पण तुमचं घराणं शेतमजुरांचं आहे, म्हणजे नशीब साथ देण्याची शक्यता जमीनदारांपेक्षा जास्त. १८३४ नंतर हा कारभार बराचसा पॅरिशच्या हातून गेला आणि वर्कहाउसकडे, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या घरांकडे, वळला, तिथले कागद वेगळे.

बाकी थोडक्यात. लग्न बहुधा नवरीच्या गावी व्हायचं, म्हणून एका गावात नाव नसलं तर पंचक्रोशी धुंडाळा. नॉरफोकमध्ये पावलापावलाला चर्च आहे. वहीची पानं हरवली असतील तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल बघा, ती वेगळी ठेवलेली असते. बाप्तिस्मे सापडत नसतील तर घराणं मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट अशा चर्च ऑफ इंग्लंडपेक्षा वेगळ्या पंथाचं असू शकतं, पण १७५४ ते १८३७ मध्ये लग्न त्यांनाही चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लावावं लागायचं, सूट फक्त ज्यू आणि क्वेकरांना. आणि कोणी तरणा मुलगा जनगणनेतून एकाएकी गायब झाला तर सैन्य आठवा. खडकी-देवळालीकडे आलेला निघाला तर मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

पॅरिशचं नाव आणि शेवटची खात्रीची तारीख खाली कमेंटमध्ये टाका, घरातल्या हयात माणसांची नावं नको. गुरुवारी मी रेकॉर्ड ऑफिसात असतेच, यादीत बघून सांगते कुठले कागद शिल्लक आहेत ते.

सासूबाईंना हॅनाबद्दल सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सात मैल? मला गाडी काढून दाखव तो रस्ता." आम्ही जाऊन आलो. पवनचक्कीचा फोटो मात्र हॉलमध्ये अजून तसाच आहे.