इंजिनाचा कॅम आणि मागाचा टॅपेट

प्रश्न : घरातली १९६९ ची फोर्ड मस्टँग दोन वर्षं उघडून ठेवली आहे. ३०२ घन इंचाचं व्ही-एट, सी-फोर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पॉवर ब्रेक, डिफरन्शियल २.७९. बोअरिंग झालंय, कॉम्प्रेशन नऊच्या आसपास. कॅमशाफ्टचे (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, खाल्लेले निघाले. मित्र म्हणतात, २८० डिग्रीचा कॅम टाक, गाडी उभी असताना थरथरली पाहिजे. गाडी फिरणार रविवारी सकाळी तुळजापूरपर्यंत, नाहीतर गावात लग्नकार्याला. कोणता कॅम घेऊ?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : मित्रांना गाडी ऐकायची आहे. ब्रेक तुम्हाला मारायचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझे वडील मागावर होते आणि कॅम म्हणजे काय हे मी इंजिनाआधी मागावरच पाहिलं. साध्या पॉवरलूममध्ये क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की खालच्या शाफ्टचा एक होतो. तुमच्या फोर्डमध्येही हेच गणित. ताण्याचे धागे वर-खाली करणारा टॅपेट सावकाश उचलतो, धोटा मारणारा कॅम मात्र फटका देतो. फटका जोरात बसूनही वेळ चुकली तर धोटा भलतीकडेच जातो. वडील कान लावून ती वेळ बांधायचे. इंजिनातही वाल्व्ह किती उचलला यापेक्षा केव्हा उघडला आणि केव्हा मिटला, याला जास्त मोल आहे.

लांब ड्युरेशनच्या, म्हणजे वाल्व्ह जास्त अंश उघडा ठेवणाऱ्या, कॅमला इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. ती थरथर त्याचीच. पण त्यामुळे आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं सुरू) व्हॅक्यूम कमी पडतो, आणि पेडलाचा जोर वाढवणारा तुमचा ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. सात रस्त्याच्या गर्दीत पुढची रिक्षा अचानक थांबली आणि पेडल दगडासारखं लागलं, तर तो आवाज कुणाला ऐकवणार? शिवाय इनटेक उशिरा मिटला की खालच्या आरपीएमला दाब बसत नाही. त्यात सुटताना जोर कमी देणारं २.७९ चं डिफरन्शियल आणि मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमधला क्लचच्या जागचा भाग). गाडी सुटताना मेल्यासारखी सुटेल.

‘२८०’ या आकड्यालाही फसू नका. जाहिरातीतलं ड्युरेशन प्रत्येक कंपनी आपापल्या लिफ्टवर मोजते. तुलना करायची ती पन्नास थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टवरच्या ड्युरेशनची. तुम्हाला इनटेकला २०४, एक्झॉस्टला २१४ च्या आसपासचा, लोब सेपरेशन (दोन्ही लोबांच्या शिखरांमधला कोन) ११२ असलेला कॅम पुरे. वाल्व्ह लिफ्ट साडेचारशे थाऊच्या आसपास ठेवा. तुमच्या सालच्या हेडवर रेल रॉकर (वाल्व्हचं टोक दोन्ही कडांमध्ये धरून दाबणारे) असतात. लिफ्ट फार वाढली तर रॉकरची कड स्प्रिंगच्या रिटेनरवर टेकते. स्प्रिंगा कॅमच्या कार्डावर लिहिलेल्या ताणाच्याच घ्या, घरात पडलेल्या बसवू नका.

आता इंजिनातला टॅपेट, म्हणजे लोबवर बसून वाल्व्हकडे उचल पोचवणारा तुकडा; मागावर मात्र कॅमलाच टॅपेट म्हणतात. इथे माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीला नवा कॅम घातला आणि टॅपेट ‘चांगले दिसतात’ म्हणून जुनेच ठेवले. पंधरा दिवसांत एक सिलिंडर मरायला लागला. ऑइल काढलं तर त्यात चंदेरी चमक, आणि एक लोब घासून पार गोल झालेला. दोन नवे फ्लॅट टॅपेट तोंडाला तोंड लावून धरा : डुलतात आणि कडेला उजेड दिसतो, कारण ‘फ्लॅट’ म्हणतात तरी तोंड किंचित फुगीर असतं. लोबलाही बारीक उतार असतो. त्यामुळेच टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. जुन्याचं तोंड खोलगट झालेलं असतं. तो फिरत नाही, एकाच जागी घासतो. सोळाच्या सोळा नवे घ्या.

बसवताना लोबवर आणि टॅपेटच्या तोंडाला मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमचं घट्ट वंगण) चोपडा. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवा, रॉकरपर्यंत ऑइल आलेलं डोळ्यांनी बघा. ऑइल भरपूर जस्ताचं असू द्या; नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. इंजिन सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही : लगेच दोन ते अडीच हजार आरपीएम, वीस मिनिटं. कॅमला ऑइल मिळतं ते बहुतांशी क्रँकनं उडवलेलं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. मे महिन्यात करणार असाल तर पहाटे पाचला करा आणि रेडिएटरपुढे मोठा पंखा लावा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

एक राहिलं. पुढच्या काळातल्या पाच लिटर एचओ (हाय आउटपुट) इंजिनाचा कॅम कुणी स्वस्तात देऊ केला, तर आधी फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) विचारा. तुमची १-५-४-२-६-३-७-८, त्याची १-३-७-२-६-५-४-८. रोलर टॅपेटचा असेल तर तो तुमच्या फ्लॅट टॅपेटांवर चालणार नाही; फ्लॅटचा असेल तर बसेल, पण प्लगच्या वायरी त्या क्रमानं लावाव्या लागतील. नाहीतर कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतील आणि मिस्त्री आठ दिवस टायमिंगच शोधत बसेल.