फुकटच्या बीटवरचं (रॅपमागच्या तयार संगीतावरचं) वऱ्हाडी रॅप यूट्यूबवरून उडालं. यवतमाळकडच्या खेड्यात राहून आता पुन्हा सुरुवात कशी करू?

आधी यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायच्या पानावर) जाऊन बघा, क्लेम (हक्काचा दावा) आहे की स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याची नोंद). क्लेममध्ये गाणं बहुतेकदा राहतं, कमाई बीटवाल्याकडे जाते. तुमचं उडालंय, म्हणजे बहुधा स्ट्राइक असेल. कॉपीराइट स्कूल (यूट्यूबचा छोटा धडा) पूर्ण केलं की ती 90 दिवसांनी संपते. तेवढ्यात 3 झाल्या तर चॅनलच जातं. रागाच्या भरात तेच गाणं पुन्हा चढवू नका.

‘फ्री’ लिहिलेली बीट बहुधा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी असते, गोची तिथेच होते. लीज (बीट वापरायचा परवाना) विकत घ्या. स्ट्रीमची मर्यादा आणि मुदत वाचून पावती जपा.

आवाजाचा वेगळा ट्रॅक शिल्लक असेल तर त्याच बीपीएमची (मिनिटाला तेवढ्याच ठोक्यांची) नवी बीट घ्या, शब्द नीट बसतात. नसेल तर रात्री पुन्हा रेकॉर्ड करा. कूलर बंदच ठेवा (मे महिन्यात जीव जाईल, पण ती घरघर नंतर काढली की आवाज पत्र्यासारखा होतो). मागे गोधडी टांगा, माइक वीतभर लांब, आवाजाची पातळी उणे 6 डीबीच्या वर जाऊ देऊ नका. रेकॉर्डिंग नवं, म्हणून आयएसआरसीही (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) नवा घ्या.

आणि वऱ्हाडी सोडून पुणेरी बोलू नका राजेहो.