शाळेच्या वेळी दुखणारे पोट

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती, आता चौथीत आहे. घरात एकच मोबाईल, तोही दिवसभर तिच्या बाबांसोबत वावरात, त्यामुळे ऑनलाइन अभ्यास नावापुरताच झाला. गेल्या एप्रिलमध्ये सासूबाई कोरोनाने दवाखान्यातच वारल्या. मुलगी त्यांच्याच कुशीत झोपायची. तिला आम्ही ‘आजी गावाला गेली’ असे सांगितले. 1 डिसेंबरपासून शाळा सुरू झाल्यावर रोज सकाळी तिचे पोट दुखते आणि रात्री अंथरूण ओले होते. यंदा सोयाबीन पावसाने गेले, म्हणून हे सतत चिडलेले असतात. ‘सोंग करते’ म्हणत त्यांनी दोनदा तिच्यावर हात उगारला. काय करावे?

उत्तर : ताई, तुमची मुलगी सोंग करत नाही. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखरच दुखते. तरीही आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची लघवी तपासून घ्या आणि जंतांविषयीही विचारा. अंथरूण ओले झाल्याची चर्चा शेजारणींसमोर करू नका.

मला खरी गाठ ‘गावाला गेली’ या शब्दांत दिसते. जी आजी रोज कुशीत घ्यायची, ती एक दिवस घराबाहेर पडली आणि परतलीच नाही, एवढेच या लेकराने पाहिले आहे. त्यामुळे आपण शाळेत गेलो तर मागे आई किंवा बाबाही असेच जातील, असे तिला वाटत असावे. तिला जवळ घेऊन सांगा, की आजी वारली, तिचे शरीर थांबले, ती आता परत येणार नाही आणि यात तुझी काहीही चूक नाही. ती रडेल, तुम्हालाही रडू आले तर आवरू नका, कारण सासूबाईंच्या जाण्याचे दुःख करायला तुम्हाला तरी कुठे सवड मिळाली? आजीचे एखादे लुगडे तिच्या उशाशी ठेवा.

शाळा मात्र बुडवू नका, कारण जितके दिवस ती घरी राहील तितकी तिची भीती वाढेल. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळची मजुरी बुडवणे परवडत नाही, हे मी जाणते. तरी पहिला आठवडा तिला स्वतः पोहोचवा, घ्यायला कोण येईल ते सांगा आणि ती वेळ चुकवू नका. गुरुजींना आजीविषयी कळवा. जोडाक्षरे अडत असतील तर ती वीस महिने वर्गाबाहेर राहिलेल्या सगळ्याच मुलांची अडत आहेत. महिनाभर तरी घरी तिची परीक्षा घेऊ नका.

आता तिच्या बाबांविषयी. त्यांचीही आई गेली आणि पीकही गेले, हे रात्री मुलगी झोपल्यावर त्यांच्याजवळ बोला. मारल्याने तिचे दुखणे वाढेल, हेही तेव्हाच सांगा. त्यांची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द तोंडी येत असतील, तर त्यांना एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून आणि गोठ्यातून आजच दुसरीकडे हलवा आणि त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. मुलीची पोटदुखी तीन आठवड्यांनंतरही थांबली नाही, तर तिलाही त्याच विभागात दाखवा.