रंगवा, पण हातभर अंतरावरून बघा

या वेळच्या पत्रांमध्ये नेपोलियन जिथं हरला त्या वॉटर्लूच्या लढाईची गर्दी आहे. पटावर लढण्यासाठी ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणारा माणूस कधी ना कधी १८१५ मध्ये जाऊन पोचतोच, त्यामुळे तक्रार नाही. सारख्या प्रश्नांचं एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : २८ मिलिमीटरच्या ब्रिटिश पायदळाचा प्लास्टिकचा संच आणला. ३६ सैनिक आहेत. डोळे, बटणं, नाड्या असं सगळं नीट करत बसतो, त्यामुळे महिनाभरात तीनच झाले. या वेगानं लढाई कधी होणार?

डोळे सोडा. खरंच सांगते, सोडा. पटावरचा सैनिक आपण हातभर अंतरावरून बघतो, तेही वरून आणि रांगेत उभा असताना. तिथून बुबुळं दिसत नाहीत. दिसतो तो फक्त पांढरा ठिपका, आणि मग अख्खी पलटण भूत पाहिल्यासारखी डोळे वटारून उभी राहते. खोबणीत गडद तपकिरी सावली ठेवली की पुरे, डोळा तिथं आहे हे नजर समजून घेते. चेहऱ्याला कातडीचा रंग द्या, त्यावर तपकिरी वॉश (खाचांत साठणारा पातळ रंग), तो वाळला की नाक, गालाची हाडं आणि हनुवटी यांवर फिकट रंगाचा एकेक टिपका. चेहरा झाला.

हातभर अंतरावरून दिसतो तो गडद-फिक्यातला फरक. एवढ्याशा आकृतीवर खोलीतल्या उजेडाची सावली फारच पुसट पडते, म्हणून ती आपल्याला रंगानं काढावी लागते. तुमची मेहनत तिथं जाऊ द्या.

आता वेग. एका घाण्यात आठ-दहाच सैनिक घ्या. आइसक्रीमच्या काड्यांवर चार-चार चिकटवा, मध्ये बोटभर जागा सोडून, नाहीतर ब्रश मधल्या शिपायाच्या पोटापर्यंत पोचत नाही. एक रंग उघडला की तो सगळ्यांना लावूनच बंद करायचा. क्रम आतून बाहेर: आधी कातडी, मग डगला, विजार, त्यानंतर पट्टे, पाठपिशवी, आणि बंदूक शेवटी. आतला रंग बाहेर सांडला तरी पुढचा रंग त्याला झाकतो.

पट्ट्यांवर मात्र थांबा, कारण ब्रिटिश शिपायाच्या छातीवरची ती पांढरी फुली म्हणजेच अर्धा शिपाई. लाल डगल्यावर थेट पांढरा रंग लावू नका. तो गुलाबी तरी दिसतो, नाहीतर खडूसारखा. आधी पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर गडद तपकिरी रेघ ओढा. ती वाळल्यावर राखाडीकडे झुकणारा मळकट पांढरा, दोन्ही कडांना केसभर तपकिरी शिल्लक ठेवून. मग जिथं पट्टा खांद्यावरून वळतो आणि छातीवर फुगतो, तेवढ्याच जागी शुद्ध पांढरा. फुली जुळते तिथं पितळी रंगाचा एक ठिपका. जवळून बघाल तर रेघा वेड्यावाकड्या असतील. हात लांब करा आणि मग बघा.

बटणं? अधिकाऱ्याची आणि निशाणवाल्यांची तेवढी करा. नजर निशाणाकडेच जाते, वेळही त्यालाच द्या. निशाण कागदी असेल तर त्याच्या कडा रंगवायला विसरू नका. कापलेल्या कागदाची पांढरी कड सगळं सोंग उघडं पाडते.

प्रश्न : बारीक कामासाठी सगळ्यात लहान ब्रश कुठल्या नंबरचा घ्यावा?

घेऊ नका. त्या चार केसांत रंग मावत नाही आणि सैनिकापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक नीट जुळणारा ब्रश घ्या. टोक चांगलं असेल तर दोन नंबरनंही पापणी काढता येते. (काढू नका. वर सांगितलं आहे.) झिजलेला ब्रश टाकू नका, ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर रंग घासायला, तोच लागतो.

प्रश्न : ब्रिटिश डगल्याचा ‘अचूक’ लाल रंग कोणता? माझा मित्र म्हणतो, माझे सैनिक चुकीच्या रंगाचे आहेत.

मित्राला विचारा, कोणत्या शिपायाचा आणि मोहिमेच्या कितव्या महिन्यातला? साध्या शिपायाचं कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून रंगवत, त्यामुळे ते विटकरीकडे झुकणारं. अधिकाऱ्यांचं कापड उंची, कोशिनील किड्यांच्या रंगाचं, भडक लाल. म्हणजे एकाच रेजिमेंटमध्ये दोन लाल हवेतच. सगळे एकाच बाटलीतून रंगवले असतील तर तुमच्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. त्यात ऊन, पाऊस आणि ठिगळं. वॉटर्लूच्या आदल्या रात्री सैन्य मुसळधार पावसात भिजत पडलं होतं, तेव्हा विजारींच्या खालच्या भागाला चिखल हवाच.

फ्रेंचांचा निळाही तसाच. ब्रिटिश आरमारानं समुद्र अडवल्यामुळे निळीचा तुटवडा पडला, म्हणून १८०६ मध्ये फ्रेंच पायदळाला पांढरे डगले द्यायचं ठरलं. काही रेजिमेंटना ते मिळालेही, पण १८०७ मध्ये हा प्रकार गुंडाळला. जिथं सरकारलाच निळा रंग पुरत नव्हता, तिथं आपण बाटलीच्या नंबरावरून भांडायचं!

शिवाय खऱ्या कापडाची छटा जशीच्या तशी लहान आकृतीवर आणली तर ती काळवंडलेली दिसते. एक पायरी फिकट जा.

चूक खरी होते ती कॉलर आणि कफ यांच्या रंगात, कारण रेजिमेंट ओळखायची ती त्यावरून. ३० व्या रेजिमेंटचे फिकट पिवळे, ७३ व्या रेजिमेंटचे गडद हिरवे, ३३ व्या रेजिमेंटचे लालच. वॉटर्लूला या तिन्ही एकाच ब्रिगेडमध्ये होत्या. आधी रेजिमेंट ठरवा, मग रंग उघडा. नवख्यानं ३३ वी घ्यावी, कफ रंगवायचा ताप वाचतो. आळशीपणाला इतिहासाचा आधार मिळाला तर मी तो सोडत नाही.

प्रश्न : मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा स्प्रे मारला आणि वीस सैनिक पांढुरके झाले. सगळं पुन्हा रंगवायचं का?

नाही, आधी घाबरणं थांबवा. हवेत दमटपणा असताना, डबा नीट न हलवता किंवा फार लांबून मारलं की असं होतं. एका सैनिकावर ब्रशनं चकचकीत वार्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो आणि खालचा रंग परत वर येतो. वाळल्यावर मॅट वार्निश द्या, या खेपेला ब्रशनंच. एकावर जमलं तर बाकीचे एकोणीस करा. तसंही खेळात हाताळायच्या सैनिकांना आधी चकचकीत आणि वर मॅट असे दोन थर बरे. बोटांच्या घासण्यानं रंग आधी बंदुकीच्या आणि टोपीच्या टोकांवरून उडतो.

प्रश्न : मी नववीत आहे. काकांनी त्यांचे जुने धातूचे सैनिक मला दिले. काहींवर पांढरी-राखाडी पावडर आली आहे. घासून काढून नवा रंग देऊ का?

घासू नकोस. जुने सैनिक बरेचदा शिशाच्या मिश्रधातूचे असतात आणि ती पावडर शिशाचीच आहे. लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात आम्लाची वाफ साठते आणि शिसं हळूहळू खात राहते. ओक लाकूड त्यात विशेष वाईट. कोरडा कानस किंवा सँडपेपर मुळीच लावायचा नाही, ती धूळ श्वासात जाते. पावडर आलेले सैनिक वेगळ्या डबीत ठेव, लहान भावंडांपासून दूर, आणि काकांना दाखव. बाकीचे हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, रंगवताना खायचं नाही, ब्रशचं टोक ओठांनी जुळवायचं नाही. जुना चकचकीत रंग शाबूत असेल तर त्याला हातच लावू नकोस. तो जुनेपणाच त्या सैनिकांची शोभा आहे. रंगवायला नवे प्लास्टिकचे घे.

प्रश्न : माझे सगळे घोडे एकसारखे तपकिरी दिसतात.

कारण ते एकसारखे तपकिरी आहेत! काहींना काळी आयाळ, काळं शेपूट आणि गुडघ्याखाली काळे पाय द्या. काहींची आयाळ अंगाच्याच तांबूस रंगाची ठेवा, त्यांचे पाय मात्र काळे करू नका. एखाद्याच्या पायात पांढरा मोजा; त्या पायाचा खूर फिकट ठेवा. पांढरे-करडे घोडे तुतारी वाजवणाऱ्या स्वारांना. स्कॉट्स ग्रेज ही ब्रिटिश घोडदळाची रेजिमेंट करणार असाल तर अख्खी रेजिमेंटच करडी, आणि करड्या घोड्याचं नाकाड काळसर.

अंगासाठी तैलरंग वापरून बघा. ॲक्रिलिकनं फिकट बदामी रंग द्या, पूर्ण वाळू द्या. त्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग सगळीकडे फासा आणि थोड्या वेळानं स्पंजच्या तुकड्यानं पुसून घ्या. स्नायूंच्या उंचवट्यांवरून रंग निघतो, खाचांत राहतो. खोगीर, लगाम त्यानंतर. तैलरंग वाळायला काही दिवस लागतात, तोवर घोड्याला बोट लावायचं नाही.